रहाटणीहून साल्झबर्गला, दादरमार्गे

मे २०२३ मध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक' मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात येणार, असं कळलं तेव्हा मुलांच्या परीक्षा नुकत्याच संपल्या होत्या. नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. दोन हजार खुर्च्यांचं मोठं प्रेक्षागृह आणि त्यात ब्रॉडवेचं संगीतक! मुलींनी सिनेमा पाठ केलेला, त्यामुळे त्यांचा होकार गृहीतच होता. अडलं ते सासूबाईंपाशी.

"मला इंग्रजी कुठं कळतंय? तुम्ही जा, मी घर बघते."

आई मूळच्या सांगलीच्या. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते गाव. लहानपणी त्या पेटी शिकल्या, रात्र रात्र जागून संगीत नाटकं पाहिली. अशा बाईला घरी ठेवून गाण्याचं नाटक बघायला जायचं, हे माझ्या मनाला पटेना. मग ठरवलं की सगळी आखणी त्यांच्याभोवती करायची.

पहिली गाठ तारखेची. आमच्या चिंचवड-भोसरीच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. ह्यांचीही तीच. आम्हाला हवा होता शनिवारी दुपारचा खेळ, म्हणजे रात्री घरी परतता येईल. ह्यांनी सहकाऱ्याशी सुट्टी बदलून घेतली. तिकिटं काढताना आईंच्या गुडघ्यांसाठी खालच्या मजल्यावरची, वाटेलगतची खुर्ची आधी पक्की केली आणि मग तिच्या शेजारच्या चार. चिंचवडच्या मोरे प्रेक्षागृहातल्या नाटकाच्या कितीतरी पट दर होता. वर्षातून एकदाच करायचा खर्च आहे, असं म्हणून केला.

खरी तयारी मात्र रोज जेवणं झाल्यावर चालायची. आधी गुलजारांचा १९७२ चा 'परिचय' सगळ्यांनी मिळून पाहिला, कारण त्याची गोष्ट याच नाटकाच्या वळणाची. मग मोठीने आजीला मूळ कथा प्रवेशाप्रवेशाने सांगितली. ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग, मठातून बाहेर पाठवलेली मारिया, नौदलातला विधुर कप्तान, त्याची सात मुलं आणि १९३८ साली दारात येऊन ठेपलेले नाझी. नाटक ज्यांच्यावरून बेतलं ते ट्रॅप कुटुंब खरंच त्या वर्षी देश सोडून गेलं आणि पुढे अमेरिकेत व्हरमाँटमध्ये स्थायिक झालं. हे ऐकल्यावर आई सरसावून बसल्या. धाकटीने वहीच्या पानावर कोणतं गाणं कधी येतं, कोण म्हणतं आणि त्यात काय सांगितलंय, ते मराठीत लिहून काढलं. पूर्वी नाटकगृहात पदांची पुस्तकं विकायला असत, तसंच ते झालं. आईंनी ते पान पाकिटात घालून पिशवीत ठेवलं.

यादी करताना एक गोष्ट मुलींच्या लक्षात आली. नाटक १९५९ चं, सिनेमा १९६५ चा, आणि दोन्ही सारखे नाहीत. वादळाच्या रात्री सिनेमातली मारिया मुलांना जे आवडत्या गोष्टींचं गाणं म्हणून दाखवते, ते नाटकात आधीच मठात, मठाधिपती बाईंबरोबर येतं. वादळात मुलं गातात ते बकऱ्या राखणाऱ्याचं गाणं. सिनेमातली काही गाणी तर नाटकाच्या वेळी नव्हतीच. गीतकार हॅमरस्टीन १९६० साली वारले, त्यामुळे ती संगीतकार रॉजर्सने एकट्याने लिहिली.

शनिवारी पहाटे रहाटणीच्या नखाते वस्तीतून रिक्षाने काळेवाडीमार्गे चिंचवड स्टेशन गाठलं. जायला सिंहगड एक्सप्रेसच घ्यायची, हा आईंचा हट्ट. लोणावळ्यानंतर मुली खिडकीला चिकटल्या. १८६३ साली खुला झालेला हा घाट मे महिन्यात तपकिरी, कोरडा असतो, पण बोगद्यातून बाहेर पडताच खाली उघडणारी दरी तेव्हाही छाती भरून टाकते. घाट उतरताना गाडी मंकी हिलला थांबते ती ब्रेक तपासायला, हे ह्यांनी मुलींना समजावून सांगितलं. कर्जतला वडापाव झाला.

घाटातच आईंनी १९२१ च्या 'संयुक्त मानापमान'ची हकिगत काढली. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, ८ जुलैला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत एकत्र उभे राहिले. तिकीट शंभर रुपयांपर्यंत गेलं होतं. तीनच महिन्यांत केशवराव गेले. गाण्याच्या नाटकासाठी पदरमोड करणं मराठी माणसाला नवं नाही, हे त्या मला सांगत होत्या. तिकिटाचा आकडा त्यांना कळला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

दादरला माझ्या मावशीकडे आंघोळी, जेवण आणि आईंची तासभर झोप. हा मुक्काम आखणीतला सगळ्यात शहाणा भाग होता. सकाळी निघून थेट खुर्चीत बसवलं असतं, तर पहिल्या अंकात त्यांचा डोळा लागला असता. मग टॅक्सीने धारावीवरून वांद्रे-कुर्ला संकुल.

प्रेक्षागृहाचं छत स्फटिकांनी लखलखत होतं. पण पडदा उघडला आणि मठातल्या बायकांचं समूहगान सुरू झालं, तेव्हा छत विसरायला झालं. सातही मुलं रंगमंचावर प्रत्यक्ष गात होती. मारिया त्यांना स्वर शिकवते त्या गाण्यात आई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "सा रे ग म चाललंय." आमच्या रांगेत तेव्हा सर्वांत जास्त कळत होतं ते त्यांनाच.

मध्यंतरात त्यांनी निकाल दिला. "ताना नाहीत. पण यांची गोष्ट गाण्यातून पुढं जाते. आपल्याकडं गोष्ट थांबते नि गाणं सुरू होतं." मी पुढे त्यावर बराच विचार केला. आईंचं म्हणणं आपल्या नंतरच्या संगीत नाटकाला लागू पडतं, सुरुवातीच्या नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ च्या 'सौभद्रा'त शंभरावर पदं आहेत आणि पात्रं त्यांतून एकमेकांशी बोलतात, भांडतात, चिडवतात. पुढे 'वन्स मोअर' वाढले, पदांच्या मैफली झाल्या आणि गोष्ट मागे पडली. आपण ती वाट सोडली नसती तर, असं त्या संध्याकाळी मला फार वाटलं.

शेवटच्या प्रवेशात कुटुंब डोंगराकडे निघालं तेव्हा धाकटी आजीचा हात धरून होती. परतीला आधीच सांगून ठेवलेली गाडी होती. द्रुतगती मार्गाने किवळे, तिथून रहाटणी. आई वाटभर जाग्या होत्या आणि पान हातात घेऊन एकेका गाण्याची चाल मुलींकडून घोकून घेत होत्या.

तुम्ही असं नाटक बघायला सहकुटुंब निघालात, तर घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाची खुर्ची आधी काढा. भाषा येत नसेल, तर आठ दिवस आधीपासून गोष्ट सांगायला बसा. आणि पुढच्या वेळी चिंचवडला 'सौभद्र' लागलं, तर नातवंडांसाठीही तशीच पदांची यादी लिहा.