कॅनॉट रिप्रोड्यूस

आमच्या धंद्यात एक भयंकर सोयीचा शेरा आहे. टेस्टरनं बग टाकलेला असतो. आपण आपल्या मशीनवर चालवून बघतो तर सगळं झकास चालतं. मग बगवर 'कॅनॉट रिप्रोड्यूस' असं लिहायचं, तो बंद करायचा आणि चहाला जायचं. महिन्याभरानं तोच बग नवीन नंबर घेऊन परत येतो. आपण पुन्हा तेच लिहितो.

गेली तीन वर्षं मी माझ्या खोकल्याचं अगदी हेच करत होतो.

म्हणजे कसं, की दिवाळी संपते, पुण्यात पहाटे गारठा पडायला लागतो आणि एक दिवस नाक वाहतं. दोन-तीन दिवसांत नाक थांबतं आणि सगळा माल छातीत उतरतो. मग सुरू. कोरडा नव्हे, चांगला भरलेला, घुरघुरणारा खोकला. सकाळी बेसिनपाशी पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. मीटिंगमध्ये बोट कायम म्यूटच्या बटणावर. लिफ्टमध्ये ठसका लागला की बाकीचे भिंतीला चिकटतात (ही 2020 पासूनची सवय, अजून पुरती गेलेली नाही). रात्री तीनला उबळ आली की मी उठून हॉलमध्ये सोफ्यावर जायचो, कारण शेजारी तीन वर्षांची मुलगी झोपलेली. दोन-तीन आठवड्यांनी सगळं थांबायचं आणि मी विसरून जायचो. फेब्रुवारीत परत. पावसाळ्यात भिंतींना ओल आली की परत.

खोकल्यावर आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नाही. आईचा पक्ष काढ्याचा. अडुळसा, ज्येष्ठमध, सुंठ, वरून मधाचं चाटण. मी हसायचो, पण मग वाचलं की दुकानात मिळणाऱ्या कितीतरी कफ सिरपमधलं ब्रोमहेक्झिन हे अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच बेतलेलं आहे. म्हणजे मी आईचा काढा नाकारून त्याचाच नातू बाटलीतून पीत होतो. हापिसातला पक्ष गोळीचा. "काही नाही रे, तीन गोळ्यांची ती पट्टी घे, चौथ्या दिवशी टकाटक." आणि तिसरा पक्ष माझा स्वतःचा: जाईल आपोआप.

मजा अशी की मी आलटून पालटून तिन्ही पक्षांत होतो आणि तिन्ही पक्षांना यश येत होतं. आठवडाभर 'जाईल', मग काढा, मग बाराव्या-तेराव्या दिवशी कंटाळून कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून ती पट्टी. अठराव्या दिवशी बरा. श्रेय अर्थातच पट्टीला.

शेवटी बायकोच वैतागली. ती टेस्टिंगमध्ये आहे. म्हणाली, "अरे, तू लॉग न बघता बग बंद करतोयस. लिहून तरी ठेव." मग जुनी केमिस्टची बिलं, बायकोला पाठवलेले 'आज झोप नाही' छाप मेसेज, कॅलेंडरमधल्या सुट्ट्या असं सगळं गोळा करून एक एक्सेल केली. चौदा महिन्यांत पाच वेळा. पाचपैकी तीनदा अँटिबायोटिक घेतलं, दोनदा नाही. बरं व्हायला लागलेले दिवस पाचही वेळा जवळपास तेवढेच. आणि एक गोष्ट जी मला कधीच दिसली नव्हती: पाचही वेळा त्रास रात्री दोन ते चारच्या मध्ये सगळ्यात जास्त.

एक्सेल घेऊन डॉक्टरांकडे गेलो. विचारलं, "यावर औषध घ्यावं की सोडून द्यावं?"

त्यांनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "कुठल्या खोकल्याबद्दल विचारताय? आत्ताच्या, की परत परत येणाऱ्या?"

इतकी वर्षं मी दोन वेगळ्या प्रश्नांना एकच उत्तर शोधत होतो, हे त्या एका वाक्यात कळलं.

आत्ताचा, म्हणजे सर्दीनंतर छातीत उतरलेला एक सुटा खोकला, तो बहुतेक वेळा विषाणूंचा असतो आणि त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे जंतू झाले, हाही आपला समजच. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा. असा खोकला किती दिवस टिकतो? जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये यावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सरासरी जवळपास 18 दिवस आली. लोकांना विचारलं तर त्यांची अपेक्षा आठवडाभर, फार तर नऊ दिवस. म्हणजे दहाव्या दिवशी आपल्याला वाटतं की काहीतरी बिघडलंय, आपण गोळ्या घेतो, आणि खोकला त्याच्या ठरल्या वेळेला जातो. अँटिबायोटिकनं सरासरी जेमतेम अर्धा दिवस वाचतो. सर्व्हर आपणहून वर येत असताना कुणीतरी रीस्टार्टचं बटण दाबतो आणि वर्षभर त्याची फुशारकी मारतो, तसं.

पण परत परत येणारा खोकला ही वेगळी भानगड. त्याला 'जाईल आपोआप' म्हणायचं नसतं, कारण तो गेलेलाच नसतो. डॉक्टरांनी कागदावर तीन गोष्टी लिहिल्या: छातीचा एक्स-रे, थुंकीची तपासणी, स्पायरोमेट्री.

थुंकीची तपासणी. तो शब्द वाचला आणि कागदाची घडी घालून खिशात टाकला. तो पुढचे सोळा दिवस तिथेच होता.

हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करा, हे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर मी शंभरदा वाचलंय. जगातल्या टीबीच्या दर चार रुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे, हेही माहीत होतं. पण ते 'लोकांना' होतं. एसीत बसून कोड लिहिणाऱ्याला कसं होईल? आणि झालं तर सोसायटीत काय सांगायचं? सोळा दिवस मी याच विचारात घालवले आणि रोज रात्री मुलीच्या शेजारी खोकत राहिलो. तिला लागण होईल म्हणून सोफ्यावर जायचं सुचत होतं, पण एका डबीत थुंकून द्यायचं सुचत नव्हतं! शिवाय केमिस्टच्या पट्ट्यांचा आणखी एक धोका तेव्हा वाचला. काही अँटिबायोटिकांनी टीबी बरा होत नाही, पण थोडा दबतो, आणि निदान लांबतं. म्हणजे मी बग दुरुस्त करत नव्हतो, एरर मेसेज लपवत होतो.

शेवटी बायकोनं तो खिशातला कागद धुवायच्या पँटमध्ये पकडला. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो.

टीबी नव्हता. एक्स-रे स्वच्छ होता. स्पायरोमेट्रीमध्ये मात्र पकडलो गेलो. नाकाला चिमटा लावून नळीत जीव खाऊन फुंकायचं, मग पंपातून औषध ओढायचं, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकायचं. दुसऱ्या वेळचा आकडा बराच चांगला आला. म्हणजे श्वासनळ्या आवळलेल्या होत्या आणि औषधानं मोकळ्या झाल्या. निदान: दमा. दमा म्हणजे धापा टाकणारं, सूं-सूं वाजणारं कुणीतरी, असं माझ्या डोक्यातलं चित्र होतं. नुसता कफाचा खोकला, तोही रात्रीचा आणि दर सर्दीनंतर चिवटपणे राहणारा, हेही त्याचं रूप असू शकतं हे माहीत नव्हतं.

आता पंप. फोनवर आईला सांगितलं तर ती हादरलीच. "अरे, पंप एकदा लागला की सुटत नाही म्हणतात." तिला समजावलं की गोळीतून मिलिग्रॅमनं जाणारं औषध इथे मायक्रोग्रॅमनं, थेट छातीत जातं. घेतल्यावर चूळ भरायची, बस्स. ती गप्प झाली, पण पटलं नव्हतं. मग बाबांनी फोन घेतला.

बाबा फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "माझ्या आईचा खोकला आठवतो का तुला?"

आठवतो म्हणजे काय! गावी पहाटे आजीच्या खोकल्यानंच जाग यायची. ती उठली, चूल पेटली, आता चहा मिळणार, असा त्याचा आम्हा पोरांना अर्थ होता. ओल्या लाकडांच्या धुरात तिनं पन्नास वर्षं स्वयंपाक केला. बिडीला हात न लावलेल्या बायकांच्याही छात्या चुलीच्या धुरानं कायमच्या निकामी होतात, हे आज कुणीही डॉक्टर सांगेल. शेवटी शेवटी तिला अंगणातून ओटीवर यायला दोनदा थांबावं लागायचं.

बाबा म्हणाले, "वयाचा खोकला आहे, असं आम्ही सगळे म्हणायचो. खोकल्यासाठी म्हणून तिला दवाखान्यात कधी नेलंच नाही रे. तू घे तो पंप."

असो. या दिवाळीनंतर ठरल्याप्रमाणे सर्दी आली. खोकला नऊ दिवस टिकला, रात्री झोप लागली, केमिस्टकडे गेलो नाही. तुमच्यापैकी कुणी आत्ता खोकत हे वाचत असेल तर सुट्या खोकल्याला तीनेक आठवडे द्यायला हरकत नाही. पण दोन आठवडे उलटले की थुंकी तपासून घ्या, ती सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात. कफात रक्त, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, दम लागणं, यातलं काही असेल तर एक दिवसही थांबू नका. आणि तो वर्षात तिसऱ्यांदा आला असेल तर आधी एक्सेल उघडा.

आईला पंप अजून आवडत नाही. परवा फोनवर हळूच विचारत होती, की सकाळी तिलाही थोडी घुरघुर वाटते, तर ते फुंकायचं मशीन कुठे असतं? तिनंही लग्नानंतरची पहिली बारा वर्षं त्याच चुलीपुढे काढली आहेत. शनिवारची अपॉइंटमेंट घेतली आहे.