थाळीत उरलेली नाणी

झारचं सैन्य काझानवर चाललंय. प्रत्येक शिपाई जाताना थाळीत एक नाणं टाकतो. लढाई संपली की जो जिवंत परतेल त्यानं आपलं नाणं उचलायचं. उरतील तेवढे मेले. नाव नाय, गाव नाय.

सर्गेई आयझेनस्टाइनच्या 'इव्हान द टेरिबल'मधलं हे दृश्य. मी सूतगिरणीत कामाला. माणसाचा नंबर कसा होतो ते मला कुणी शिकवायची गरज नाय. म्हणून मुकुटापेक्षा ती थाळीच डोळ्यांत बसली.

दोस्तांनो, काहीजण म्हणतात, इव्हान बोयारांच्या म्हणजे बड्या सरदारांच्या उरावर बसला, म्हणजे गरिबाचा राजा. थांबा जरा. पहिल्या भागाचा शेवट बघा. राजा रुसून मॉस्कोबाहेर बसलाय. बर्फातून माणसांची लांबच लांब रांग येते, परत चला म्हणून विनवायला. राजाची अणकुचीदार दाढी पडदाभर, माणसं मात्र मुंग्यांएवढी. कॅमेऱ्यानं तिथंच सगळं सांगून टाकलंय.

इतिहासात त्या रांगेला मिळालं काय? 1565 ची ओप्रिच्निना, राजाच्या खास मारेकऱ्यांची फौज. 1570 ला तिनं नोव्हगोरोदमध्ये माणसं कापली. पुढं शेतकरी जमिनीला बांधला गेला तो 1861 पर्यंत. आणि सिनेमात फाटका म्हणून दाखवलेला ओप्रिच्निक बास्मानोव? खरा बास्मानोव जुन्या बोयार घराण्यातलाच!

सिनेमा निघाला स्टालिनच्या मर्जीनं. महायुद्ध पेटलेलं, म्हणून शूटिंग कझाकस्तानात, अल्मा-अताला. 1946 ला पहिल्या भागाला स्टालिन पारितोषिक मिळालं, नि त्याच वर्षी दुसऱ्या भागावर बंदी आली. कारण दुसऱ्या भागातला इव्हान स्वतःलाच विचारतो, न्याय करायचा हक्क मला दिला कुणी? भोळ्या व्लादिमीरला दारू पाजून तो राजाचा पोशाख चढवतो. पोरगं हरखतं. आईनंच नेमलेला मारेकरी अंधारात त्यालाच राजा समजून भोसकतो. काळ्यापांढऱ्या सिनेमात ही मेजवानी रंगीत, लालभडक.

25 फेब्रुवारी 1947 ला क्रेमलिनमध्ये आयझेनस्टाइन आणि नट चेर्कासोव यांना बोलावणं आलं. स्टालिनचं म्हणणं, इव्हान हॅम्लेटसारखा डळमळतो. खऱ्या इव्हानची चूक एवढीच की पाच बडी घराणी त्यानं पुरती संपवली नाहीत! दिग्दर्शकानं दुरुस्तीला मुदत मागून घेतली. केली मात्र नाय. फेब्रुवारी 1948 मध्ये तो गेला, वय पन्नास.

दुसरा भाग लोकांना दिसला 1958 साली. स्टालिनला जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.