पाच नाती

मिरजगाव, सोमवार रात्र

आज अकरावीला कन्फ्यूशियस शिकवला. जन्म इसवी सनापूर्वी 551, लू राज्य, म्हणजे आजचा शांतुंग प्रांत. एवढं पटकन सांगून फळ्यावर पाच नाती लिहिली : राजा-प्रजा, बाप-लेक, नवरा-बायको, थोरला-धाकटा भाऊ, मित्र-मित्र. मुलांना त्यात नवं काही वाटलं नाही. ‘सर, हे तर आमच्या घरी रोजचंच.’

खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. ‘यात आई कुठंय? अन् बहीण?’

खडू हातातच राहिला. आईवडिलांची सेवा हा त्या शिकवणीचा पायाच, हे सांगितलं. पण बाईनं आधी बापाचं, मग नवऱ्याचं, शेवटी मुलाचं ऐकावं, हेही त्याच परंपरेनं रुजवलं. ते लपवणं मला जमलं नसतं.

‘म्हणजे आपल्यासारखंच,’ ती म्हणाली.

पुढे परीक्षा आल्या. सुमारे तेरा शतकं, थेट 1905 पर्यंत, चीनमध्ये अधिकारी व्हायचं तर परीक्षा द्यायची आणि त्यासाठी कन्फ्यूशियसच्या परंपरेतले ग्रंथ तोंडपाठ करायचे. मागचे बाक सावरून बसले. घरोघरी कुणी ना कुणी एमपीएससीला बसलेलं आहेच. त्या परीक्षेला बायकांना बसता येत नसे, हे सांगितलं, तेव्हा तिनं वहीत काहीतरी लिहून खाली दोन रेघा ओढल्या.