पेटी, पियानो आणि खांदे

पियानोची पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते. ती तळाशी टेकण्याच्या किंचित आधीच आतली हातोडी सुटी होते, तारेवर आदळते आणि मागे येते. म्हणजे स्वर उमटल्यावर बोटाने कितीही जोर लावला तरी तो वाया जातो. टोबायस मॅथे या इंग्रज शिक्षकाने १९०३ साली स्पर्शक्रियेवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात तो हेच पुन्हापुन्हा बजावतो, की काम झाले की हात त्याच क्षणी मोकळा करावा. माणसे तरीही दाबत राहतात.

आमच्या झाडीत पियानो पाहिला आहे कोणी, असे वाचक विचारतील. रास्त आहे. परंतु पट्ट्यांवर अख्खी रात्र काढणारी माणसे आमच्याकडे आहेत. धान घरात आले की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात, आणि रात्री नाटक. देसाईगंज, म्हणजे आमचे वडसा, हे या झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य ठाणे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तिचे नाव दूरवर गेले. रंगमंचालगत बसलेल्या वादकांकडे मात्र प्रेक्षकांचे लक्ष सूर चुकला तरच जाते.

पेटीत तर दाबण्याला पियानोइतकाही अर्थ नाही. पट्टी खाली गेली की झडप उघडते आणि हवा रीडमधून वाहते. आवाजाचे लहानमोठेपण भात्याकडून येते, पायपेटीत पायांकडून. बोटाने फक्त दार उघडायचे. असे असूनही गाणारा तारसप्तकात चढला की नवख्या वादकाचे बोट ताठते, मग मनगट, मग कोपर, आणि अखेरीस खांदा कानाला भिडतो. जणू वरचा षड्ज तोच उचलून धरतो आहे!

एका थंडीत वडशाजवळच्या गावी आम्ही रात्रभर एका वयस्क ऑर्गनवादकाचे खांदेच पाहत बसलो होतो. (नाटक बेतास बात होते, दोन खून आणि एक हरवलेला भाऊ.) कोपर अंगालगत सहज लोंबते. दूरचा स्वर घ्यायचा तर बोट ताणले जात नाही, सगळा हातच तिकडे सरकतो. पाय घोट्यातून हलतात, मांडीतून नव्हे. पद संपले की हात मांडीवर, तळवे वर. सैल म्हणजे ढिला मात्र नव्हे. तान घेताना त्याची बोटे पावसाच्या सरीसारखी नेमकी पडत होती. आमच्या पाहण्यातले पेटीचे शिक्षण अलंकार आणि बोटांच्या क्रमापाशी थांबते. बसावे कसे, श्वास कोठे अडतो, हे कोणी सांगत नाही. या गृहस्थांनाही ते कोणी सांगितले नव्हते. दहा ते पहाट असे प्रयोग आणि दुसऱ्या दिवशी दुसरे गाव, यातून शरीरानेच ते शोधून काढले असावे. ज्यांच्या शरीराला ते सापडले नाही, ते या धंद्यात टिकले नसतील.

शूमानचा उजवा हात १८३२च्या सुमारास निकामी होऊ लागला. बोटे बळकट करण्याचे यंत्र त्याला भोवले असे म्हणतात; अभ्यासकांत मतभेद आहेत. तो पियानो सोडून रचनेकडे वळला आणि जगाला त्याचे दुःख कळले. आमच्याकडे कोणाची बोटे आखडली तर तो पुढल्या हंगामात दिसत नाही, इतकेच.

त्या रात्री म्हाताऱ्याशेजारी सिंथेसायझरवर एक पोरगा होता. त्याचे वाद्य उंच स्टँडवर, कोपरे वर उचललेली. दुसऱ्या अंकापासूनच तो मनगट झटकू लागला होता. आवाज वाढवायला त्याच्यापाशी बटण होते, तरी तो पट्ट्या चेपतच होता. शेवटच्या अंकाआधी म्हाताऱ्याने काही न बोलता स्टँडची खीळ काढली, वाद्य चार बोटे खाली घेतले आणि खीळ पुन्हा लावली. पोराने कोपर टेकवून पाहिले, मग आपले आसनही थोडे मागे सरकवले. तोवर पडदा उघडला होता.