जयपूरचा फुकटचा पाय

मुंबईहून संध्याकाळच्या गाडीत बसलात की दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला तुम्ही जयपूरला उतरता. स्टेशनाबाहेर आलात रे आलात की रिक्षावाले घेरतात. ‘हवामहल? आमेर? जंतरमंतर?’ सगळ्या प्रवाशांना ते हेच विचारतात. आणि का विचारू नये? सवाई जयसिंगाने वसवलेलं हे गुलाबी शहर बघायला जगभरातून माणसं येतात.

पण आज आपण त्या बाजूला जायचंच नाही. आपण जायचं शहराच्या दक्षिणेला, मालवीय नगरात. तिथे किल्ला नाही, महाल नाही. आहे एक संस्था. तिचं नाव भगवान महावीर विकलांग सहायता समिती. नाव लांबलचक आहे, पण तिथे बनणाऱ्या वस्तूचं नाव तुम्ही नक्की ऐकलेलं असणार. आपल्याकडे एखाद्या शाळेच्या नाहीतर मंगल कार्यालयाच्या दाराशी फलक लागतो: ‘मोफत जयपूर फूट शिबिर’. तोच हा जयपूर फूट, म्हणजे जयपूरचा पाय!

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हवामहाल बघायला जातो तसं इथे जायचं नाही. इथे माणसं आपल्या कामासाठी आलेली असतात, आणि आपल्याकडे कोणी टक लावून पाहिलेलं कोणालाच आवडत नाही. विचारून आत जायचं, आणि कॅमेरा पिशवीतच ठेवायचा. चला तर मग!

रात्री-अपरात्रीही दार उघडं

इथे यायला कोणाची चिठ्ठी लागत नाही, आधी नंबर लावावा लागत नाही. रात्री-अपरात्री कधीही आलात तरी दाखल करून घेतात. यात विशेष ते काय, असं तुम्हाला वाटेल. पण विचार करा, येणारा माणूस कुठून आलेला असतो? बिहारमधून, ओडिशातून, आपल्या मराठवाड्यातून. दोन-दोन दिवसांचा प्रवास. एक पाय नाही, खांद्याखाली कुबड्या, बरोबर भाऊ नाहीतर म्हातारी आई. गाडी पहाटे तीनला स्टेशनात आली, तर त्याने उजाडेपर्यंत कुठे बसायचं? म्हणून दार बंद करायचं नाही, हा इथला नियम. राहायची सोय फुकट, जेवण फुकट, आणि तेही बरोबर आलेल्या माणसासकट.

सकाळी काम सुरू होतं. कोणाचा पाय रेल्वेखाली गेलेला, कोणाचा मळणीयंत्रात सापडलेला, कोणाला ट्रकने उडवलेलं, तर कोणाला मधुमेहामुळे पायाला झालेली जखम चिघळून पाय कापावा लागलेला. पोलिओने पाय लुळे झालेली माणसंही येतात. आपला देश २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्याआधी ज्यांना पोलिओ झाला त्यांचे पाय काही त्यामुळे परत आले नाहीत. त्यांना कॅलिपर लागतात, तीनचाकी सायकली लागतात. तेही इथे मिळतं.

आता पाय कसा बसवतात ते बघा. आधी तपासणी होते. मग पायाच्या उरलेल्या भागावर ओलं प्लॅस्टर गुंडाळतात. ते वाळलं की अलगद काढून घेतात. हा झाला पोकळ साचा. त्यात पुन्हा प्लॅस्टर ओतलं की त्या माणसाच्या पायाची हुबेहूब प्रतिकृती तयार होते. तिला घासूनपुसून नीट आकार देतात. मग येतो पाइप. हो, पाइपच! शेतात पाणी न्यायला वापरतात ना, तसल्याच जातीच्या प्लॅस्टिकचा. तो भट्टीत तापवून मऊ केला की त्या प्रतिकृतीवर ओढून बसवतात. गार झाला की त्याचाच आकार घेतो. हाच नवा पाय, ज्यात उरलेला पाय घट्ट बसतो. खाली रबराचं पाऊल जोडायचं, वर पट्टे लावायचे, आणि दोन्ही बाजूंच्या दांड्यांना धरून चालून बघायचं.

पहिली दोन-तीन पावलं फार सावकाश पडतात. माणूस खाली बघत चालतो. कारागीर मात्र वाकून पायाकडे बघत असतो. उंची जराशी कमी आहे का, पाऊल बाहेर वळतंय का, टोचतंय कुठे? मग पाय काढायचा, थोडं घासायचं, पुन्हा घालायचा. पाय गुडघ्याखाली गेलेला असेल तर बहुतेक वेळा हे सगळं एका दिवसात होतं. या कारागिरांमधल्या काहींनी स्वतः असाच पाय लावलेला असतो. त्यामुळे नवख्याला नेमकं कुठे टोचत असेल ते त्यांना न सांगता कळतं!

पंक्चर आणि पाऊल

हा पाय जन्माला कसा आला, त्याचीही एक गंमत आहे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर होते. सगळे त्यांना ‘मास्टरजी’ म्हणत. शाळा फारशी शिकलेली नव्हती, पण हातात विलक्षण कसब. ते रुग्णांना हस्तकला शिकवायचे. त्या काळात पाय गेलेल्यांना जे परदेशी पद्धतीचं पाऊल मिळायचं, ते बुटात घालून वापरायचं होतं. घोट्यात ते वाकत नसे. आता सांगा, आपला शेतकरी चिखलात बूट घालून कसा जाणार? मांडी कशी घालणार? उकिडवा कसा बसणार? देवळात जाताना बूट काढला तर पाऊलच लंगडं! म्हणून कित्येक जण ते पाऊल घरी कोपऱ्यात टाकून पुन्हा कुबड्याच घ्यायचे.

असं सांगतात की एकदा मास्टरजींच्या सायकलचं चाक पंक्चर झालं. दुरुस्तीच्या दुकानात एका ट्रकच्या जुन्या टायरवर नवं रबर चढवण्याचं काम चाललं होतं. ते पाहून त्यांच्या डोक्यात आलं, रबराचं पाऊल का नको? रुग्णालयातले अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना शास्त्राच्या कसोटीवर घासूनपुसून घेतली, आणि १९६८ च्या सुमाराला जयपूर फूट तयार झाला. टाचेत आणि पंजात स्पंजासारखं रबर, घोट्याच्या जागी लाकूड, वरून कातडीच्या रंगाचं रबर. सगळं साच्यात घालून भाजलेलं. बूट नको, मोजा नको. अनवाणी चाला, चिखलात उतरा, मांडी घाला, सायकल चालवा, झाडावर चढा!

डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचं नाव मात्र त्या पुरस्कारात नव्हतं. म्हणून आपण तरी ते लक्षात ठेवू या. याच १९८१ साली नर्तकी सुधा चंद्रन हिला अपघातानंतर पाय गमवावा लागला. जयपूर फूट लावून ती पुन्हा रंगमंचावर नाचली. तिच्या जीवनावर १९८५ मध्ये तेलुगूत ‘मयूरी’ आणि १९८६ मध्ये हिंदीत ‘नाचे मयूरी’ हे चित्रपट निघाले, आणि त्यांत तिनेच काम केलं.

पाय होता, पण पोचत नव्हता

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढची मात्र कोणी फारशी सांगत नाही, आणि मला तुम्हाला तीच सांगायची आहे.

पाऊल १९६८ मध्ये तयार झालं. मग पुढच्या सात वर्षांत ते किती जणांना मिळालं असेल? हजारो? नाही हो! जेमतेम पन्नास-साठ जणांना.

असं का झालं? पाऊल तर उत्तम होतं, स्वस्तही होतं. पण गरीब माणसाला ते मिळवायला शहरात यायचं, राहायचं, जेवायचं, चार खेपा घालायच्या. तेवढे दिवस मजुरी बुडायची. मग पाय स्वस्त असून उपयोग काय?

देवेंद्रराज मेहता हे जैसलमेरचे जिल्हाधिकारी होते. १९६९ साली त्यांना मोटार अपघात झाला. पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली होती. पाय वाचला, पण त्यांच्या मनात आलं, मी अधिकारी म्हणून माझ्यासाठी एवढं सगळं झालं. गरिबाचं काय होत असेल? त्यातून १९७५ मध्ये ही समिती उभी राहिली. तिने नवं पाऊल शोधून काढलं नाही. तिने फक्त मधले अडथळे काढले. चिठ्ठी नको, पैसे नकोत, राहण्या-जेवण्याचा घोर नको, आणि शक्यतो एका खेपेत काम. एवढ्याने काय झालं? पन्नास-साठांचे आधी शेकडो झाले, मग हजारो, आणि आज तर लाखो. जयपूरचे कारागीर आपलं सामान घेऊन आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांत शिबिरं घेऊन आले आहेत.

फुकटचा खर्च

आता तुम्ही विचाराल, फुकट म्हणजे पैसे कोण देतं? बरोबर! फुकट म्हणजे खर्च नाही असं नव्हे. घेणाऱ्याला पडत नाही इतकंच. कोणाला तरी तो पडतोच.

काही भाग सरकारी अनुदानातून येतो. अपंगांना साधनं देण्यासाठी केंद्र सरकारची एक योजना १९८१ पासून आहे. मोठा वाटा मात्र देणग्यांचा. म्हणूनच इथे काटकसर फार. पाय लाखांत नाही, काही हजारांत बसवायचा. महागडं यंत्र कशाला, पाइप चालतोय ना? या पायाचं पेटंटही कोणी घेतलं नाही. ज्याला बनवायचा त्याने खुशाल बनवावा.

तरीही हिशेब जमवणं सोपं नाही. कारण पाय एकदा दिला की संपलं, असं नसतं. शेतात राबणाऱ्याचा पाय साधारण तीन ते पाच वर्षांत झिजतो. पट्टा तुटतो, रबर फाटतं. आणि मुलांचं तर विचारूच नका! तुमची मागच्या वर्षीची चप्पल यंदा होते का? मग पाय कसा होईल? समजा, आठ वर्षांच्या मुलीला आज पाय बसवला. ती अठरा वर्षांची होईपर्यंत दरवर्षी एक म्हटलं तरी दहा पाय झाले! तिच्या शरीराचा उरलेला पाय वाढत राहणार, आणि पाइपचा पाय काही वाढत नाही. मोठी झाल्यावरही झिजेल तसा नवा हवाच.

म्हणजे बघा, दुकान जितकं चांगलं चालेल तितका दुकानदाराचा फायदा होतो. इथे उलटं आहे. जितकी जास्त माणसं चालायला लागतील तितकी पुढच्या वर्षी परत येणारी माणसं जास्त, आणि खर्चही जास्त. आज एका माणसाला पाय दिला, म्हणजे त्याला जन्मभराचा शब्द दिल्यासारखंच झालं. हा शब्द कोणी एक माणूस, एका वर्षीच्या देणगीवर, पाळू शकत नाही.

त्यात देणाऱ्यांचाही एक स्वभाव असतो. ‘माझ्या पैशातून दहा पाय द्या’ असं सांगायला माणसाला आवडतं. ते वाईट नाहीच. पण ‘माझ्या पैशातून विजेचं बिल भरा, स्वयंपाक्याचा पगार द्या, तुटलेले पट्टे बदला’ असं कोण म्हणतं? आणि भट्टी विजेवाचून तापत नाही, रात्री तीनला आलेल्या माणसाला पाटी-पुस्तक नाही, दोन पोळ्या हव्या असतात.

शिबिरांचंही तसंच. गावात शिबिर होतं, फोटो निघतात, शेकडो लोक चालत घरी जातात. फार चांगलं काम आहे ते. पण आठ महिन्यांनी पट्टा तुटला की त्या माणसाने जायचं कुठे? जवळ कायमचं केंद्र नसेल तर तो पाय पुन्हा कोपऱ्यात जातो, आणि कुबड्या बाहेर येतात. मास्टरजींच्या आधी जे होत होतं तेच!

परतताना

संध्याकाळी आपण बाहेर पडतो तेव्हा फाटकाशी कोणीतरी निघायच्या तयारीत असतं. नवा पाय घातलेला, कुबड्या मात्र आईच्या काखेत. टाकून देववत नाहीत अजून. उद्या लागल्या तर?

तुम्ही काय करू शकता? पहिलं म्हणजे लोकलच्या दारात लटकू नका आणि रूळ ओलांडू नका. दुसरं, तुमच्या गावात पुन्हा कधी शिबिराचा फलक लागला तर आत जाऊन आयोजकांना नम्रपणे एक प्रश्न विचारा: “काका, पट्टा तुटला तर या लोकांनी कुठे जायचं?” त्यांच्याकडे पत्ता तयार असेल तर फारच छान. तो लिहून घ्या आणि तुमच्या गल्लीत ज्याला गरज आहे त्याला सांगा. पत्ता तयार नसेल, तर तुमच्या प्रश्नामुळे तो शोधायला तरी सुरुवात होईल.

आणि हो, हवामहाल राहिलाच की! तो उद्या सकाळी बघू. सकाळच्या उन्हात तो जास्त छान दिसतो.