तात किती ताणावी

माझे नाना पिंजारी होते. धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे आणि गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचे. धनुकलीला बकऱ्याच्या आतड्याची तात असायची. काम सुरू करण्याआधी ते ती बोटाने छेडून कानाने तपासत. आवाज फार उंच आला तर थोडी सैल करत. मी विचारले, तर म्हणाले, "बेटा, जास्त ताणली की पहिला मार हाताला बसतो."

पस्तीसेक वर्षांनी हे वाक्य आठवले ते माझ्या मुलीच्या टेनिसच्या रॅकेटमुळे.

ती तेरा वर्षांची आहे. रोडपालीहून खारघरला सरावाला जाते. गेल्या वर्षी लहान मुलांची रॅकेट सोडून तिने पूर्ण 27 इंची रॅकेट घेतली, तेव्हा सरांनी सांगितले की आता मोठ्या खेळाडूंसारखे पॉलिएस्टरचे गटिंग करा, 56 पौंडांवर. आम्ही केले. मला त्यातले काही कळत नव्हते आणि विचारायची लाज वाटली. बी.एड. झालेल्या बाईला ही लाज शोभत नाही, पण वाटली खरी. रमजानमध्ये एका संध्याकाळी इफ्तारच्या दस्तरख्वानवर सरबताचा जग उचलताना तिने तो डाव्या हाताने धरला. उजवे कोपर दोन आठवड्यांपासून दुखत होते. खेळ बंद होईल या भीतीने तिने सांगितले नव्हते.

डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली आणि विचारले, "रॅकेटला गट कोणता आहे?" मी गप्प.

मग मी गटिंग करणाऱ्या काकांसमोर स्टुलावर बसले आणि विद्यार्थिनी झाले. मुलीच्या रॅकेटमध्ये 16 उभ्या तारा आणि 19 आडव्या, अगदी ताण्या-बाण्यासारख्या. 56 पौंड म्हणजे सुमारे 25 किलो. मशीन प्रत्येक तार तांदळाच्या एका गोणीच्या वजनाने ओढते. पॉलिएस्टरची तार मुळात कडक असते, चेंडूचा धक्का ती स्वतः कमी पचवते आणि बाकीचा हाताकडे पाठवते. शिवाय तिचा ताण लवकर उतरतो. तार तुटत नाही म्हणून आपण महिनोन्‌महिने तीच वापरतो, पण तिच्यातली लवचीकता कधीच संपलेली असते. "जो मुलगा महिन्याला दोनदा तार तोडतो त्याला पॉलिएस्टर द्या," काका म्हणाले. "तुमच्या मुलीने आजवर किती तोडल्या?" एकही नाही.

मग मोठे खेळाडू ती का वापरतात? कारण ते चेंडू जीव खाऊन घासतात. फटका मारताना उभी तार बाजूला सरकते आणि झटक्यात जागेवर येते. तेवढ्यात चेंडूला जबर फिरकी मिळते. पॉलिएस्टर गुळगुळीत असल्याने हे सरकणे सोपे जाते. 1997 साली ब्राझीलचा गुस्तावो कुएर्तेन लुक्सिलॉनची पॉलिएस्टर तार लावून फ्रेंच ओपन जिंकला आणि ही तार गाजली. पण फेडरर आणि जोकोविच यांनी पूर्ण पॉलिएस्टर लावलेले नाही. उभ्या तारा खऱ्या आतड्याच्या, आडव्या पॉलिएस्टरच्या. यालाच हायब्रिड म्हणतात. रॅकेटचा स्वभाव मुख्यतः उभ्या तारा ठरवतात, म्हणून मऊ तार उभी लावली की हाताला आराम, आणि आडवी कडक तार चेंडूला ताब्यात ठेवते.

आतडे म्हटल्यावर मी दचकले. नानांची तात डोळ्यांसमोर आली. फ्रान्समधल्या ल्योन शहरात बाबोलाने 1875 मध्ये टेनिससाठी मेंढीच्या आतड्याच्या तारा केल्या. आता त्या गाईच्या आतड्यापासून करतात. घरी सांगितले तर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "जनावर हलाल केलेले असते का?" मौलानांना विचारायची वेळच आली नाही. किंमत ऐकून आम्ही आधीच तौबा केली.

काकांनी मधला रस्ता काढला. मल्टिफिलामेंट म्हणून एक तार मिळते, शेकडो बारीक धागे एकत्र पिळून केलेली, आतड्याच्या गुणाची पण त्या भावाची नाही. ती उभी लावली 52 पौंडांवर, आणि पॉलिएस्टर आडवे, 48 वर. कडक तार दोन-चार पौंड सैलच ठेवायची असते. एक पाकीट साधारण 12 मीटरचे, अर्ध्यावर कापायचे. दोन प्रकारच्या दोन पाकिटांत दोन गटिंग होतात, हा हिशेब मला सर्वांत आधी पटला.

पहिल्या आठवड्यात मुलगी रडकुंडीला आली. सैल तारा चेंडूला जास्त ढकलतात, तिचे फटके रेषेबाहेर जाऊ लागले. सर नाराज होते. त्यांच्या मते मी आई म्हणून घाबरले होते. घाबरले होतेच. पण कोपर तिचे होते आणि ते तिला पुढची पन्नास वर्षे वापरायचे आहे, एवढे मी त्यांना अदबीने सांगितले. महिन्याभरात तिने चेंडूवरून रॅकेट वर घासायला शिकून घेतले आणि चेंडू कोर्टात पडू लागले. दुखणे थांबले, अल्हम्दुलिल्लाह. त्यात विश्रांतीचा वाटा किती आणि तारेचा किती, हे मी सांगू शकत नाही. फुकट मात्र काही मिळत नाही. आडव्या कडक तारेवर घासून उभी मऊ तार कापली जाते. दीड महिन्यात मधल्या दोन तारांवर खाचा पडल्या आणि एक दिवस सर्व्हिस करताना तुटली.

आयुष्यातली पहिली तार तोडली म्हणून ती इतकी खूश की तीच रॅकेट घेऊन मगरिबच्या वेळेला धावत घरी आली. उरलेले अर्धे पाकीट कपाटात होते. आता नवे गटिंग झाले की ती रॅकेट कानाशी धरते आणि तारा बोटाने छेडते. परवा म्हणाली, "अम्मी, या वेळी आवाज जरा वरचा वाटतो. काकांना एक पौंड कमी करायला सांगू?" मी म्हटले, सांग.