मांडीवरचं स्टील

निवृत्त माणसाच्या हातून घरात दोनच गोष्टी घडतात. एक, तो नीट चाललेलं काहीतरी दुरुस्त करायला घेतो. दोन, लहानपणी राहून गेलेलं काहीतरी शिकायला घेतो. पहिल्या प्रकारात आमचा मिक्सर गेला. त्यामुळे मी दुसऱ्या प्रकाराकडे वळलो तेव्हा घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो त्यांनी जरा घाईनेच टाकला, हे पुढे त्यांच्या लक्षात आलं.

माझं राहून गेलेलं म्हणजे हवाईयन गिटार. माझ्या पिढीच्या वाचकांना हे वाद्य वेगळं सांगायला नको. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये चार मिनिटं उरली, की एखाद्या सिनेमाच्या गाण्याची धून लागायची. शब्द नाहीत, नुसते सूर. आणि ते सूर कसे? एकावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरगुंडीवरून उतरावं तसे उतरणारे. लग्नाच्या मांडवात सनई दमली की हीच तबकडी. व्हॅन शिपले, सुनील गांगुली ही नावं मला शाळेतल्या गुरुजींच्या नावांपेक्षा चांगली पाठ होती. १९७५ साली मी वडिलांकडे गिटारचा विषय काढला. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता "बँकेची परीक्षा कधी आहे?" एवढंच विचारलं. मी बँकेत लागलो. सदतीस वर्षं लोकांचे पैसे मोजले. सूर मोजायचे राहूनच गेले.

तर निवृत्तीनंतर एका सकाळी मी चहा घेता घेता जाहीर केलं, "मी लॅप स्टील घेणार आहे."

आजकाल हवाईयन गिटारला जगभर 'लॅप स्टील' म्हणतात, हे मी नुकतंच वाचलं होतं. नव्याने कळलेला शब्द घरात वापरल्याशिवाय राहवत नाही.

"लॅपटॉप आहे की घरात," ही म्हणाली.

"लॅपटॉप नव्हे, लॅप स्टील."

"स्टीलचं? म्हणजे भांडं?"

"गिटार गं. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची."

"मग स्टीलचं काय त्यात?"

प्रश्न बिनतोड होता. स्टील गिटारमध्ये गिटार लाकडाची असते. स्टीलचा असतो तो डाव्या हातातला दांडा. साध्या गिटारवर बोटांनी तारा दाबतात. इथे तारा पट्टीपासून चांगल्या उंच असतात आणि त्यांच्यावरून हा गुळगुळीत दांडा नुसता फिरवायचा. दाबायचं काही नाही. माझ्या दृष्टीने हीच या वाद्याची थोरवी होती. कारण डाव्या हाताची दोन बोटं सकाळी दहापर्यंत वळत नाहीत आणि दहानंतर वळायला तयार असली तरी कुरकुरतात. या वयात झेपेल असं एकच तंतुवाद्य देवाने केलं आणि तेही हवाई बेटांवर!

वाद्याचा इतिहास मी हिला चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर ऐकवला. ओआहू बेटावरचा जोसेफ केकुकू नावाचा शाळकरी मुलगा. १८८० च्या दशकात कधीतरी त्याने लोखंडाचा तुकडा गिटारच्या तारांवर घासून पाहिला, तिथून हे प्रकरण सुरू झालं असं मानतात. काहीजण मात्र ते श्रेय गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या खलाशाला देतात आणि गंमत म्हणजे तो जन्माने हिंदुस्थानातला होता असं सांगतात. हे वाचल्यावर माझी छाती जरा फुगली. पुष्पक विमानानंतर आणखी एक गोष्ट आपली निघाली! पुढे १९३२ च्या सुमाराला अमेरिकेत जी पहिली इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली ती मांडीवरचीच होती. ॲल्युमिनियमची, गोल पोटाची, लांब दांड्याची. तिला लोक 'फ्राइंग पॅन' म्हणायचे.

"तवा?" ही म्हणाली. "बरं झालं. मोडलं तर घावन घालता येतील."

आता खरेदी. मुंबईत पाश्चात्त्य वाद्यं घ्यायची म्हणजे धोबी तलावाला जायचं, हे आमच्या लहानपणापासूनचं शास्त्र. गेलो. एका दुकानात कानात बाळी घातलेल्या मुलाने "नातवासाठी का, अंकल?" असं विचारलं. मी "हो" म्हणालो. खरं बोलायचं धैर्य झालं नाही. त्याने मला तीन उकुलेली दाखवल्या. हवाईयन म्हटल्यावर हवाई बेटांचंच वाद्य दाखवलं, त्याचं काय चुकलं? दुसऱ्या दुकानात एक परदेशी लॅप स्टील होती. किंमत ऐकल्यावर मी ती हलक्या हाताने होती तिथे ठेवली आणि खिशातला हात खिशातच ठेवून बाहेर पडलो.

तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र खरा सल्ला दिला. "साधी गिटार पडून असेल घरात तर तारांच्या खाली, वरच्या टोकाला, एक धातूची उंच पट्टी सरकवा. तारा उचलल्या जातील. मांडीवर आडवी टाका. झाली हवाईयन. नाहीतर कलकत्त्याहून मागवा, तिथे अजून बनवतात." कलकत्त्याला या वाद्याचं माहेरघर मानायला हरकत नाही. टाऊ मो नावाचा हवाईयन गिटारवादक १९४० च्या दशकात कुटुंबकबिल्यासह तिथे राहिला होता आणि बंगाल्यांनी या वाद्याला रसगुल्ल्याइतकंच आपलं मानलं. मी कलकत्त्याहून मागवली. साडेसहा हजार रुपये, पेटी आणि पार्सल धरून. आमच्या सोसायटीत मुलं याहून महाग बूट घालतात.

पार्सल आलं. गिटार आली, पेटी आली, वायर आली. स्टील आलं नाही. म्हणजे स्टील गिटारमधलं जे एकमेव स्टील तेच राहिलं. फोन केला तर "दादा, पाठाच्छी, पाठाच्छी" असं आश्वासन मिळालं. दादांना धीर नव्हता. पहिला प्रयोग खलबत्त्यातल्या बत्त्याचा. आवाज चांगला आला, पण बत्ता जड आणि बुडाशी फुगीर. शिवाय संध्याकाळी चहात सुंठ घालायची वेळ झाली आणि बत्त्याचा शोध सुरू झाला. दुसरा प्रयोग खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचा. तिसऱ्या दिवशी माळ्यावर जुन्या स्कूटरचा प्लग-पाना सापडला. गुळगुळीत, गोल, हातात मावणारा. स्कूटर विकून वीस वर्षं झाली, पण तिचा आत्मा असा सुरेल निघाला. कलकत्त्याचं स्टील येईपर्यंत मी प्लग-पान्यावर साधना केली.

उजव्या हातात नख्या घालायच्या. सतारीला एक नखी पुरते, इथे तीन. अंगठ्याला प्लास्टिकची, पुढच्या दोन बोटांना पत्र्याच्या. त्या घातल्या की अंगाला नेमकी तेव्हाच खाज सुटते आणि फोन नेमका तेव्हाच वाजतो. पत्र्याची नखी फोनच्या काचेवर घासून फोन उचलला जात नाही, नुसते चरे पडतात. या काळात मला आलेले सगळे फोन माझ्या नाकाने उचललेले आहेत.

आणि आवाज! पहिल्या आठवड्यात मी दांडा तारांवरून वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. तोच शेजारचं दार उघडलं. समोरच्या वहिनी जिन्यात येऊन हिला दबक्या आवाजात विचारत होत्या, "ॲम्ब्युलन्स कोणाकडे आलीय हो?"

या वाद्याची खरी मेख मला तिथे कळली. दाबायचं नसतं हे खरं, पण म्हणूनच धरायलाही काही नसतं. साध्या गिटारला पडदे असतात. बोट पडद्याच्या अलीकडे कुठेही टेकलं तरी स्वर आपला ठरल्या जागी येतो. सरकारी नोकरीसारखं. इथे पट्टीवर नुसत्या रेघा. दांडा रेघेच्या बरोबर वर आला तर स्वर, केसभर चुकला तर नाही. तेही बघायचं सरळ वरून. जरा तिरकं बघितलं की दांडा रेघेवर दिसतो आणि असतो भलतीकडेच. त्यात माझा चष्मा दोन नंबरांचा. वरच्या भिंगातून एक रेघ, खालच्यातून दुसरी. मी दोन्हींच्या मध्ये वाजवायचो.

"उतरला," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मला वाटलं, कुकर.

"अहो, पंचम. उतरलाय."

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी आतापर्यंत शिताफीने टाळली. आमची ही मिरजेची. लग्नाआधी नऊ वर्षं गाणं शिकलेली. लग्नात माहेराहून तंबोरा घेऊन आली होती, खास मिरजेचा, सतारमेकरांच्या गल्लीतला. माझी बदली कुठेही होवो, सकाळी साडेपाचला हिचा षड्ज लागायचा. १९८६ साली नंदुरबारला बदली झाली तेव्हा ट्रकात सामान मी भरलं. तंबोरा मऊ गाद्यांवर ठेवला, हे मी आजही शपथेवर सांगतो. पण जागा पुरेना, म्हणून शेवटी पाटा-वरवंटा कुठे ठेवला, हे शपथेवर सांगायची वेळ माझ्यावर कोणी आणू नये. नंदुरबारला उतरवला तेव्हा भोपळ्याला इथून तिथवर तडा.

ही काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. "करून आणू मिरजेला जाऊ तेव्हा," एवढंच म्हणाली आणि जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवला. मग मुलं झाली, त्यांच्या शाळा, सासूबाईंचं आजारपण, आणखी चार बदल्या. दरवेळी ते गाठोडं ट्रकात सगळ्यात शेवटी चढायचं आणि सगळ्यात आधी उतरायचं. पण सोडलं कधी गेलं नाही. आता ते आमच्या माळ्यावर आहे. प्लग-पाना शोधताना माझा हात त्याला लागला होता. मी हात पटकन काढून घेतला होता.

तर ती 'उतरला' म्हणाली आणि मी सावरून दांडा पुढे सरकवला. "हं." पुन्हा सरकवला. "चढला आता." असं दोन आठवडे चाललं. ती आत पोळ्या लाटायची, मी बाहेर सूर लाटायचो, आणि मधल्या भिंतीतून निकाल यायचे. ही बाहेर मात्र येत नव्हती.

मग एका दुपारी मी गिटारच्या सहा तारा नव्या पद्धतीने लावल्या. या वाद्याची एक रूढ जुळणी आहे, 'सी सिक्स्थ' म्हणतात. मला त्यातलं काही कळत नव्हतं. फोनवरचा काटा बघून खुंट्या पिळल्या आणि जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत एकेक तार छेडली.

ही हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"परत वाजवा."

वाजवलं.

"सा ग प ध सा ग," ती म्हणाली. "अहो, हा तर भूप आहे. रिषभ तेवढा गाळलाय."

हवाई बेटांवरून निघून अमेरिकेला वळसा घालून एक वाद्य डोंबिवलीला आलं आणि त्याच्या पोटात भूप निघाला! मी हरखून विचारलं, "मग रिषभ कुठाय?"

"मला काय विचारता? षड्जाच्या पुढे असतो. शोधा."

शोधला. षड्जाच्या तारेवर दुसऱ्या रेघेशी होता. गंधार चौथ्या रेघेवर. मी दांडा मोजून मापून, सरळ वरून बघून, अगदी रेघेवर ठेवला.

"चढा लागतोय," ही म्हणाली.

"बरोब्बर रेघेवर आहे!"

"रेघेला काय कळतंय? पेटीचा गंधार आहे तो. जरा अलीकडे या. आणखी थोडं. अहो, डोळे मिटा पाहू. डोळ्यांनी काय वाजवता?"

पुढे वाचताना मला कळलं की ती अक्षरशः खरं बोलत होती. रेघा आखलेल्या असतात त्या सप्तकाचे बारा सारखे भाग करून, पेटीसारख्या. गळ्यातला शुद्ध गंधार त्या रेघेच्या तीन-चार मिलिमीटर अलीकडे राहतो. असे स्वर बांधलेले, आणि वर मींड नाही, म्हणून १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती, ती तीसेक वर्षं टिकली. पण माझ्या वाद्याला पडदेच नव्हते. दांडा मागे घ्यायला कोण अडवतंय? ब्रिजभूषण काब्रांनी याच वाद्यावर अख्खे राग वाजवले ते या सोयीपायी, आणि विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं तेही या सरकत्या स्वरांचंच. माझं ग्रॅमी मात्र अजून तीन मिलिमीटर लांब होतं.

मी डोळे मिटले. दांडा मागे घेतला. कुठे थांबायचं कळेना.

"असा," ही म्हणाली. आणि गंधार लावला. गळ्याने.

आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. सुरुवातीला घोगरा आला, मध्ये एकदा तुटला. पण गंधार जिथे होता तिथे होता. माझा दांडा आपोआप त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला, नंदुरबारच्या स्टँडवर ही मुलांना घेऊन उभी असायची तिथे मी जाऊन उभा राहायचो तसा. दोन स्वर एक झाले. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर काहीतरी विनोदी बोलायला लागलं असतं.

कुकरची शिट्टी झाली आणि ती आत गेली.

कलकत्त्याचं स्टील दुसऱ्या दिवशी आलं. चकचकीत, जड, हातात बसणारं. ही ते उलटसुलट करून बघत होती.

"नाव नाही घातलंत यावर?"

"भांडं आहे का नाव घालायला?"

"स्टीलची वस्तू घरात आली की नाव नि तारीख घालावी. हरवत नाही." मग ते माझ्या हातात देत, माळ्याकडे न बघता म्हणाली, "मिरजेला भोपळे अजून मिळतात म्हणे. चांगले बनवतात अजून."

मी पुढच्या महिन्याची रेल्वेची तिकिटं काढली आहेत. दोन माणसं आणि एक गाठोडं. ट्रक नाही. गाठोडं मी मांडीवर घेऊन बसणार आहे. मांडीवर वाद्य धरायची आता सवय झाली आहे.